बरा झाला, पण ऐकत नाही

‘पोरगं वाचलं डॉक्टर, पण फार हट्टी झालंय. दहा हाका मारल्या तरी वळून बघत नाही. आजारपणात सगळ्यांनी लाड केले ना, म्हणून आता कुणाचं ऐकत नाही.’

पाच वर्षांच्या नातवाला घेऊन आलेल्या एका आजींचं हे बोलणं मला अजून आठवतं. तो दोन वर्षांचा असताना त्याच्या यकृतात गाठ निघाली होती. केमोथेरपी झाली, ऑपरेशन झालं, गाठ गेली. माझ्याकडे ते कानासाठी आलेच नव्हते, सर्दीसाठी आले होते. मी त्याच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली, तो लगेच वळला. मग हळूच ‘स्स्स’ असा आवाज काढला. काही नाही. ऑडिओग्राम काढला तेव्हा खालच्या पट्टीतले आवाज त्याला बहुतेक नीट ऐकू येत होते, पण वरच्या पट्टीकडे जाताना रेघ घसरगुंडीसारखी खाली गेली होती. दोन्ही कानांत सारखीच.

मराठीत ‘ऐकत नाही’ याचे दोन अर्थ होतात. त्या घरात तीन वर्षं चुकीचा अर्थ धरला गेला होता. त्यात आजींचा काही दोष नव्हता. केमोच्या वेळी कानाबद्दल त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

त्या मुलाला दिलेल्या औषधाचं नाव सिस्प्लॅटिन. तुमच्या घरात कुणाला तोंडाचा, घशाचा, गर्भाशयमुखाचा, अंडाशयाचा, वृषणाचा किंवा फुफ्फुसाचा कॅन्सर झाला असेल, तर हे नाव तुम्ही फाइलमध्ये वाचलं असण्याची बरीच शक्यता आहे. या औषधाने कान जातात ही गोष्ट डॉक्टरांना ते माणसांना देऊ लागल्यापासूनच, म्हणजे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून माहीत आहे. त्यावर एक मान्यताप्राप्त उपाय आला तो २०२२ मध्ये, आणि तोही फक्त मुलांसाठी. मधल्या पन्नास वर्षांत काय झालं, ते आज सांगतो. ते कळलं तर डॉक्टरांना कोणता प्रश्न केव्हा विचारायचा, हे तुमचं तुम्हालाच सुचेल.

प्लॅटिनमच्या पट्ट्यांनी केलेली गंमत

सिस्प्लॅटिन हा पदार्थ तसा जुना. मिकेले पेरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने तो १८४४ च्या सुमारास तयार केला, म्हणून त्याला ‘पेरोनेचं क्लोराइड’ म्हणत. पुढे १८९३ मध्ये आल्फ्रेड वेर्नरने अशा संयुगांची रचना कशी असते ते उलगडलं आणि त्या कामासाठी त्याला १९१३ चं नोबेल मिळालं. पण हे सगळं रसायनशास्त्राच्या पुस्तकात राहिलं. सव्वाशे वर्षं कुणाच्याही मनात आलं नाही की हे औषध असू शकेल.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग नावाचे एक शास्त्रज्ञ होते. मूळचे भौतिकशास्त्राचे. पेशी दुभंगताना तिच्या आत जी आकृती दिसते ती त्यांना चुंबकाभोवती पसरलेल्या लोखंडाच्या किसासारखी वाटायची. विद्युतक्षेत्राचा पेशींच्या विभाजनावर काही परिणाम होतो का, हे पाहावं म्हणून त्यांनी जंतू वाढवलेल्या द्रवातून वीज सोडली. इलेक्ट्रोड प्लॅटिनमचे घेतले, कारण प्लॅटिनम कशातच विरघळत नाही, ते आपलं निमूट बसून राहील असा समज होता.

झालं भलतंच. जंतू दुभंगायचे थांबले, पण वाढायचे थांबले नाहीत. काही तर नेहमीच्या ३०० पट लांब, शेवयांसारखे झाले. हा विजेचा चमत्कार नाही, हे शोधून काढायला बराच काळ गेला. निमूट बसलेल्या प्लॅटिनममधूनच थोडं थोडं काही सुटत होतं, आणि द्रवातल्या अमोनियम क्लोराइडशी त्याचं संयुग बनत होतं. १९६५ मध्ये हे काम ‘नेचर’मध्ये छापून आलं. पेशीचं विभाजन थांबवणारा पदार्थ म्हटल्यावर पुढचा विचार कॅन्सरचाच येणार. उंदरांतल्या गाठी या संयुगाने विरघळतात, हे १९६९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानंतर दोन-तीन वर्षांत औषध माणसांपर्यंत पोचलं.

त्या काळी वृषणाचा कॅन्सर अंगात पसरला की बहुतेक तरुण वाचत नसत. ‘तरुण’ मुद्दाम म्हणतोय, कारण हा आजार विशीतिशीतल्या मुलांचा. १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिनला आणखी दोन औषधांची जोड देऊन ते अशा रुग्णांना द्यायला सुरुवात केली. १९७७ मध्ये त्यांनी ४७ रुग्णांची हकिकत छापली. जवळपास तीन चतुर्थांश रुग्णांत औषधांनीच गाठींचा मागमूस राहिला नव्हता. कॅन्सरच्या डॉक्टरांना असे आकडे बघायची सवय नव्हती. १९७८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सिस्प्लॅटिनला मान्यता दिली.

इतकं सगळं सांगण्याचं कारण असं, की हे औषध वाईट आहे असा समज करून कुणी हा लेख बंद करू नये. पसरलेल्या कॅन्सरमधूनही माणूस कायमचा बरा होऊ शकतो हे ज्या मोजक्या औषधांनी दाखवलं, त्यांत हे एक. कानांची गोष्ट नेमकी यामुळेच अवघड झाली.

मूत्रपिंड, उलटी आणि कान

पहिल्या काही वर्षांत सिस्प्लॅटिनच्या तीन तक्रारी ठळकपणे पुढे आल्या. मूत्रपिंडं खराब होतात, उलट्या थांबत नाहीत आणि कानांत आवाज येऊन ऐकू कमी येतं. या तिन्हींचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे.

मूत्रपिंडांमुळे औषध जवळजवळ बादच होणार होतं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये एस्टेबन सिव्ह्टकोविच आणि सहकाऱ्यांनी आधी भरपूर सलाईन, सोबत लघवी वाढवणारं मॅनिटॉल आणि मग औषध असा क्रम लावला. कुत्र्यांवर प्रयोग, मग माणसांवर. १९७७ मध्ये हे छापून आलं आणि मूत्रपिंडाचा प्रश्न पुष्कळ आटोक्यात आला. आज सिस्प्लॅटिनच्या दिवशी तुम्हाला बाटल्यांवर बाटल्या चढवतात आणि सिस्टर लघवी मोजायला सांगतात, ते त्यामुळे. तो वेळकाढूपणा नव्हे.

उलट्यांना जास्त वेळ लागला. रुग्ण उलट्यांच्या भीतीने उपचार सोडून जात. १९९१ मध्ये अमेरिकेत ऑनडानसेट्रॉनला मान्यता मिळाली आणि केमोचा वॉर्ड बदलून गेला. आज तेच औषध पोट बिघडल्यावर लहान मुलांनाही देतात, त्यामुळे ते केवढ्या मोठ्या त्रासातून जन्मलं याची कुणाला कल्पना नसते.

आणि कान? कान मागेच राहिला.

माझ्या मते याचं एक साधं कारण आहे. मूत्रपिंड बिघडलं की रक्तात क्रिएटिनिन वाढतं, कागदावर आकडा येतो आणि पुढचा डोस थांबतो. उलटी तर सगळ्या वॉर्डला दिसते. कान बिघडला तर काहीच दिसत नाही. तो हळूहळू, दोन्ही बाजूंनी सारखा आणि न दुखता जातो. मोठा माणूस निदान ‘कानात रातकिडे बोलतायत’ असं सांगतो. दोन वर्षांचं पोर काय सांगणार? त्याला कधी वेगळं ऐकू येत होतं हेच त्याला माहीत नसतं.

डॉक्टरांना अशा गोष्टीचा अनुभव नव्हता असंही नाही. क्विनाइन घेतल्यावर कान वाजतात हे मलेरियाच्या भागातल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. १९४० च्या दशकात टीबीवर स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि थोड्याच काळात रुग्णांचा तोल जातोय, कान जातायत हे दिसू लागलं. आपल्याकडे ‘टीबीची सुई घेतली आणि कान गेले’ असं सांगणारी वयस्क माणसं अजूनही भेटतात. सिस्प्लॅटिनबाबत तर १९७५ मध्येच गिनीपिगच्या कानांची तपासणी करून आतल्या नेमक्या कोणत्या पेशी मरतात तेही दाखवलं गेलं होतं. त्रास माहीत होता, त्याची जागाही माहीत होती. पण मृत्यू समोर उभा असताना ‘जीव वाचतोय ना, मग कानाचं काय घेऊन बसलात’ हा युक्तिवाद फार जोरकस असतो. त्या काळच्या डॉक्टरांना मी यासाठी दोष देणार नाही. मात्र वाचलेली मुलं मोठी होऊन शाळेत गेली, तरुण बापे झाले, तरी तोच युक्तिवाद चालू राहिला, तेव्हा तो जुना झाला होता.

शंखात अडकलेलं प्लॅटिनम

आता थोडं कानाच्या आत जाऊ. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक वळणदार भाग असतो, त्याला कॉक्लिया म्हणतात. त्यात सूक्ष्म केस असलेल्या पेशी ओळीने मांडलेल्या असतात. बाहेरच्या ओळींत साधारण १२००० आणि आतल्या ओळीत साडेतीन हजार. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी तीक्ष्ण, बारीक आवाज टिपतात. आत टोकाकडच्या पेशी खर्जातले. बाहेरच्या ओळीतल्या पेशी कुजबुजीसारखा हलका आवाज मोठा करून देतात. पक्ष्यांमध्ये अशा पेशी मेल्या तर परत उगवतात, माणसात नाही.

सिस्प्लॅटिन रक्तातून या शंखात शिरतं. तिथे ते पेशींमध्ये जळजळीत, अस्थिर रेणू तयार करतं आणि बाहेरच्या ओळीतल्या पेशी मरू लागतात. सुरुवात शंखाच्या तोंडापासून, म्हणजे बारीक आवाजांपासून होते. डोस वाढत गेला की नुकसान आत सरकत जातं.

२०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी एक गोष्ट दाखवली, आणि मला ती वाचून खरोखर धक्का बसला होता. शरीराच्या बहुतेक भागांतून सिस्प्लॅटिन काही दिवसांत, फार तर आठवड्यांत निघून जातं. कॉक्लियातून ते निघतच नाही. आधी हे उपचार घेऊन नंतर वारलेल्या माणसांचे कान त्यांनी तपासले, तर महिन्यांनी आणि वर्षांनीही आत प्लॅटिनम सापडलं. त्यात जे एक लहान मूल होतं, त्याच्या कानात मोठ्यांपेक्षा जास्त होतं. केमो संपल्यावर पुढे काही वर्षांनी ऐकू येणं आणखी कमी होतं ते का, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना धोका जास्त का, याचा धागा इथे लागतो.

‘बारीक आवाज गेले तर काय मोठंसं बिघडलं’, असं वाटेल. गायक थोडाच आहे? पण आपल्या भाषेतले स, श, फ, ख, थ, च हे आवाज त्याच बारीक पट्टीत राहतात. स्वर खालच्या पट्टीत असतात, म्हणून ‘कुणीतरी बोलतंय’ हे कळतं. ‘काय बोलतंय’ ते मात्र निसटतं. अशा मुलाला ‘सात’, ‘हात’ आणि ‘आत’ सारखेच वाटू शकतात. ‘तू आला’ आणि ‘तू आलास’ यांतला शेवटचा स् तर मोठ्या माणसालाही गोंगाटात धड ऐकू येत नाही. जे मूल अजून भाषा शिकतंय त्याने तो स् उचलायचा कुठून? मग बोलणं उशिरा येतं, उच्चार बोबडे राहतात, श्रुतलेखनात चुका होतात आणि शाळेतून चिठ्ठी येते की लक्ष नसतं.

मोठ्यांचंही ऐका. वृषणाच्या कॅन्सरमधून सिस्प्लॅटिनने बरे झालेल्या ४८८ पुरुषांची श्रवणचाचणी करून २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ८० टक्के लोकांना कोणत्या ना कोणत्या पट्टीत ऐकू कमी येत होतं. जवळपास पाचातल्या एकाचं नुकसान तीव्र होतं. ४० टक्क्यांच्या कानात सतत आवाज होता. ही माणसं ऐन कामाच्या वयातली. मीटिंगमध्ये, फोनवर, लग्नाच्या पंगतीत त्यांचं काय होत असेल, याची कल्पना करा.

फोटो स्टुडिओतलं रसायन

जुन्या काळी फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत एका ट्रेमध्ये ‘हायपो’ असायचा. त्यात बुडवला की फोटो पक्का व्हायचा. या हायपोचं रासायनिक नाव सोडियम थायोसल्फेट. तो चांदीचे क्षार विरघळवतो हे जॉन हर्शेलने १८१९ मध्ये दाखवलं होतं. पुढे १९३० च्या दशकापासून तेच रसायन शुद्ध स्वरूपात सायनाइडच्या विषबाधेवर उतारा म्हणून वापरात आलं. त्यातलं गंधक चांदीला धरतं, तसंच प्लॅटिनमलाही धरतं आणि निकामी करतं.

मग ते सिस्प्लॅटिनबरोबर देऊन टाकावं आणि मोकळं व्हावं, असं तुम्ही म्हणाल. अडचण अशी की ते कानातलं प्लॅटिनम जसं निकामी करेल, तसंच गाठीतलंही करेल. कान वाचवायला जावं आणि कॅन्सर वाचवून बसावं, हे कुणालाच नको होतं. ही भीती रास्त होती आणि तिनेच बरीच वर्षं खाल्ली.

तिच्यातून वाट काढली ती ओरेगॉनमधल्या पोर्टलंडचे एडवर्ड न्यूवेल्ट यांनी. ते मेंदूच्या गाठींवर काम करत. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक नैसर्गिक अडसर असतो. तो थोडा वेळ उघडून ते सिस्प्लॅटिनचंच भावंड असलेलं कार्बोप्लॅटिन मेंदूत पोचवत. त्या पद्धतीत रुग्णांचे कान फार जात. अडसर पुन्हा बंद झाल्यावर थायोसल्फेट दिलं, तर ते मेंदूतल्या गाठीपर्यंत फारसं जाऊ शकणार नाही, पण कानापर्यंत जाईल, असा त्यांचा हिशोब होता. १९९८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रुग्णांमध्ये कान वाचत असल्याचा पुरावा छापला.

पण यकृताच्या गाठीला असा अडसर कुठून आणायचा? तिथे जागेऐवजी वेळेचा अडसर वापरला गेला. सिस्प्लॅटिन गाठीत शिरून आपलं काम लवकर करतं, रक्तातला त्याचा मोकळा अंशही लवकर उतरतो. म्हणून थायोसल्फेट लगेच द्यायचं नाही, सहा तास थांबून द्यायचं.

हे तपासायला दोन मोठ्या चाचण्या झाल्या. एक अमेरिका-कॅनडातल्या मुलांच्या कॅन्सर गटाची. ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात वेगवेगळ्या कॅन्सरची मुलं होती. नुसतं सिस्प्लॅटिन मिळालेल्यांपैकी ५६ टक्के मुलांचं ऐकणं बिघडलं, थायोसल्फेट मिळालेल्यांत २९ टक्के. दुसरी चाचणी लंडनच्या डॉ. पेनेलोप ब्रॉक यांच्या नेतृत्वाखाली अनेक देशांत झाली, त्या मुलाला झाली होती तशाच यकृताच्या गाठीच्या १०९ मुलांवर. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले : ६३ टक्के विरुद्ध ३३ टक्के. आणि तीन वर्षांनी जिवंत असलेल्या मुलांचं प्रमाण थायोसल्फेटच्या गटात कमी नव्हतं.

या दुसऱ्या चाचणीतली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. मुलं एवढी लहान होती की हेडफोन लावून ‘आवाज आला की बटण दाब’ हे त्यांना समजणं शक्य नव्हतं. म्हणून संशोधक प्रत्येक मूल निदान साडेतीन वर्षांचं होईपर्यंत थांबले आणि मगच अंतिम श्रवणचाचणी घेतली. ब्रॉक यांनीच १९९१ मध्ये अशा मुलांच्या श्रवणदोषाच्या पायऱ्या ठरवणारी एक सोपी मोजपट्टी मांडली होती. ८००० हर्ट्झलाच कमी असेल तर पहिली पायरी, ४००० पर्यंत आलं तर दुसरी, आणि अशी चौथीपर्यंत. क्रिएटिनिनसारखा कानाचाही एक आकडा त्यामुळे मिळाला. आकडा मिळाल्यावर मग पुढचं घडलं.

सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यासाठी सोडियम थायोसल्फेटला मान्यता दिली. वय एक महिना ते अठरा वर्षं, आणि कॅन्सर एका जागी मर्यादित असलेला, म्हणजे न पसरलेला. २०२३ मध्ये युरोपातही मान्यता मिळाली.

‘न पसरलेला’ ही अट नीट लक्षात घ्या. अमेरिकेच्या चाचणीत ज्या मुलांचा कॅन्सर आधीच पसरलेला होता, त्यांच्यात तीन वर्षांनी जगण्याचं प्रमाण थायोसल्फेट घेतलेल्यांत ४५ टक्के आणि न घेतलेल्यांत ८४ टक्के निघालं. ही विभागणी नंतर केलेली होती, मुलंही थोडी होती, त्यामुळे दोष नक्की थायोसल्फेटचाच असं ठाम म्हणता येत नाही. पण ती जुनी भीती अगदी निराधार नव्हती. अशा रुग्णाला मी स्वतः हे औषध सुचवणार नाही.

आणखी एक. हे वाचून कुणी रुग्णालयातली सायनाइडवरची थायोसल्फेटची बाटली वापरा असा हट्ट धरू नका. कानासाठी लागणारी मात्रा फार मोठी असते आणि त्यातल्या काही बाटल्यांत इतर घटक असतात, जे एवढ्या मोठ्या मात्रेत मुलांना घातक ठरू शकतात. एवढं स्वस्त रसायन औषधाच्या वेष्टनात आलं की इतकं महाग का होतं, हा प्रश्न मलाही पडतो. त्याचं उत्तर माझ्या दवाखान्यात मिळणारं नाही.

आपल्या घरातला रुग्ण

आपल्याकडे सिस्प्लॅटिन सर्वाधिक कुठे दिसत असेल, तर तंबाखू, गुटखा आणि मिश्रीमुळे होणाऱ्या तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्ये, रेडिएशनच्या जोडीने. हे रुग्ण मोठ्या वयाचे, आणि त्यांच्या कानासाठी थायोसल्फेटला मान्यता नाही. त्यातून रेडिएशनच्या टप्प्यात कान येत असेल तर नुकसान वाढतं. मग डोस कमी करावा का? मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ३०० रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. दर आठवड्याला ३० मिलिग्रॅम की दर तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम, अशी तुलना होती. दोन वर्षांनी आजार जागच्या जागी आटोक्यात राहिल्याचं प्रमाण छोट्या डोसने ५८ टक्के आणि मोठ्या डोसने ७३ टक्के होतं. मोठ्या डोसचे दुष्परिणामही जास्त होते. म्हणजे डोस उगाच कमी करणं फुकटात पडत नाही. कार्बोप्लॅटिन कानाला सौम्य आहे, पण सगळ्या कॅन्सरमध्ये ते सिस्प्लॅटिनची बरोबरी करत नाही. हा निर्णय तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांचाच. कानासाठी केमो स्वतःहून थांबवू नका.

तुमच्या हातात जे आहे ते असं. पहिल्या डोसच्या आधी ऑडिओग्राम करून घ्या. तो नसेल तर नंतर किती गेलं हे कुणीच सांगू शकत नाही. फार लहान मूल असेल तर ओएई आणि बेरा या चाचण्या झोपेतही होतात. ८००० हर्ट्झच्या पुढचं तपासणारं यंत्र उपलब्ध असेल तर तेही विचारा, कारण पडझड तिथून सुरू होते. पुढे शक्य असेल तर प्रत्येक डोसआधी आणि उपचार संपल्यावरही काही वर्षं चाचणी करत राहा. कान वाजू लागले, तोल जाऊ लागला तर पुढच्या डोसची वाट न पाहता त्याच दिवशी सांगा. केमोत ताप आल्यावर अमिकासिन किंवा जेंटामायसिन देण्याची वेळ आली, तर ‘सिस्प्लॅटिन चालू आहे, दुसरं काही चालेल का’ एवढं नम्रपणे विचारा. ही औषधंही कानावरच जातात. कधी त्यांना पर्याय नसतो, तेव्हा अडून बसू नका. मुलाचा कॅन्सर पसरलेला नसेल तर थायोसल्फेटबद्दल उपचार सुरू होण्याआधी विचारा. एकदा गेलेल्या पेशी ते परत आणत नाही. कानासाठी म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि काढे मनाने घेऊ नका, त्यांनी केमोच्या कामात अडथळा येऊ शकतो. आणि मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढे अशा मुलाला घेऊन उभे राहू नका.

त्या नातवाला दोन्ही कानांना श्रवणयंत्रं लावली. पहिल्या दिवशी त्याने पंखा बंद करायला सांगितलं, त्याचा आवाज येतो म्हणाला. स्पीच थेरपी वर्षभर चालली. बाईंनी त्याला खिडकीपासून दूर, पहिल्या बाकावर बसवलं. आजी अजून येतात, आता स्वतःच्या कानांसाठी. गेल्या वेळी म्हणाल्या, ‘आता सगळं ऐकू येतं त्याला, तरी ऐकत नाही.’ मी त्याचा ताजा ऑडिओग्राम काढून पाहिला. वर्षभरात रेघ हलली नव्हती. पुढची चाचणी दिवाळीच्या सुट्टीत ठरवली आहे.